फरशी ओली आहे

शनिवार, १४ जून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. मुलींना माझ्याकडून एकेक धपाटा आणि एकेक पापा. इकडे मी ठीक आहे, गुंड्याही ठीक आहे. सकाळपासून हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतेय. मध्येच उठून ओटा घासला, पडदे काढून भिजत टाकले. जिवाला स्वस्थता म्हणून नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या पत्राचा रोख कळला. "आई असती तर तिने पोटच्या पोराला असं परक्यांत ठेवलं असतं का?" ताई, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं गं. गुंड्या आपला लहान भाऊ खरा, पण तेवीस वर्षांचा झाला, त्याला मिशा आहेत. त्याची ती वेगळी शाळा संपली, तेव्हापासून तो माझ्या मागे मागे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, एवढाच फिरत होता. आता सकाळी बेकरीत केकची खोकी दुमडतो आणि त्याच्यासारख्याच दोघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. मदतीला एक बाई असतात. महिनाभर राहून बघायचं आणि मग ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. तो महिना काल संपला.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं मी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी बाईंना फोन केला. म्हटलं, "त्याला परत नेते. माझ्याशिवाय त्याला झोप लागत नाही." बाई म्हणाल्या, "अहो, आधी दोन दिवस रडला, पण मग शिकला. आता तर असा घोरतो की बाकीचे दोघे तक्रार करतात." मी फोन ठेवला. झोप कोणाला लागत नव्हती, ते तुला कळलंच असेल.

तरी रविवारी रिकामी बॅग घेऊन गेलेच. त्याचे कपडे भरायचे आणि त्याला घेऊन यायचं, असं ठरवूनच. बेल वाजवली. गुंड्यासाहेबांनी फटीएवढं दार उघडलं. मी आत शिरायला गेले तर म्हणतो, "थांब. विचारून येतो." तिथे नियम आहे म्हणे, पाहुणा आला की बाकीच्यांना विचारायचं. ज्याचं नाक मी पुसलं, तो मला जिन्यात उभी करून आत गेला! परत आला आणि म्हणाला, "आज नको. आज फरशी माझ्याकडे आहे. ओली आहे." आणि दार लावलं. आपटलं नाही हं, नीट लावलं.

मी बसस्टॉपवर बॅग मांडीवर घेऊन रडले. राग आला होता, खूप राग आला होता. घरी त्याने कधी फडक्याला हात लावला नाही. मी लावू दिला नाही, म्हण.

काल बैठक झाली. बाई, गुंड्या आणि मी. मला वाटलं होतं, आधी मला विचारतील. बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तुला इथेच राहायचंय का?"

"हो."

मला राहवलं नाही. "अरे, आणि मग घरी कोण राहणार?"

त्याने ओठ चावत विचार केला. मग मला नाही, बाईंना सांगितलं, "घरी ही राहील. आधी रडेल. मग शिकेल."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी हो म्हणाले. तो तिथेच राहणार आहे, ताई. यावर आता वाद नको.

राहिले मी. इतकी वर्षं तू 'ये, ये' म्हणायचीस आणि मी म्हणायचे, "गुंड्याला कुठे सोडू?" ते खरंच होतं. पण त्यामागे लपणंही सोपं होतं. आता संध्याकाळी घरात भांडं वाजलं तरी ते मीच वाजवलेलं असतं. मला भीती वाटते गं.

चार दिवस तुझ्याकडे येऊ का? तुझ्या मदतीला नाही, मुलींना बघायला नाही. नुसतीच येऊ का?

नाही म्हणालीस तरी चालेल. नाही, नाही चालणार.

तुझीच, आणि सध्या फक्त तुझीच,
धाकटी