बाबांची चाल आणि फटींचा डबा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण खाली गेलेल्या मला परत वर काढायला घरात आईशिवाय कुणी नाही, आणि तिचे गुडघे माझ्याहून वाईट.) तुझी मान कशी आहे? मेहुण्यांचा खोकला थांबला का, की अजून बोलण्याऐवजी खोकूनच भागवतात? आमच्याकडे सगळं ठीक. आईचा रक्तदाब वर-खाली होतो, आवाज मात्र वरच्या पट्टीत स्थिर आहे. स्टुडिओ चालू आहे, म्हणजे दार उघडं असतं. गिऱ्हाईक येतं ते ओळखपत्राच्या फोटोपुरतं, आणि फोटो पाहून म्हणतं, "हा मी नाही." बाबांच्या काळी माणसं निदान स्वतःला तरी ओळखायची. पत्र लिहायला तसं खास काही कारण नाही. (हे वाक्य फार मनावर घेऊ नकोस.)

झालं असं, की आपल्या वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या आहेत. बाई उत्साही आहेत. उत्साही माणसाचा त्रास असा की तो स्वतः दमत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. त्यांनी एक प्रदर्शन काढायचं ठरवलं: सिनेमाच्या आधीचा सिनेमा. म्हणजे पडदा आणि यंत्रं येण्याआधी माणसानं चित्रं हलवायला काय काय खटपटी केल्या, ते. बाई सरळ स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे कॅमेरे आहेत, तेव्हा तुम्हाला हे येईलच." (ज्याच्याकडे कात्री आहे त्याला शस्त्रक्रिया येईलच, तसं.) मी नाही म्हणणार होतो. पण तुला माहीत आहे, माझ्या तोंडून 'नाही' निघेपर्यंत समोरचा माणूस आभार मानून गेलेला असतो. बाबा मला तिपाई म्हणायचे ते काही उगीच नाही. जिथं ठेवावं तिथं उभा.

मला करायचा होता तो फिरता डबा. तू पाहिला नसशील म्हणून सांगतो. वरून उघडा असलेला गोल डबा घ्यायचा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात सारख्या अंतरावर उभ्या फटी पाडायच्या. आतल्या बाजूला फटींच्या खाली चित्रांची एक पट्टी लावायची, प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा किंचित पुढचं. डबा फिरवायचा आणि फटींतून समोर बघायचं. मग चित्रातला माणूस चालायला लागतो. गंमत म्हणजे त्यात हलत काहीच नसतं. सगळी चित्रं जागच्या जागी मुकाट उभी असतात, हलतो तो आपला गैरसमज. एक चित्र डोळ्यासमोरून गेलं हे आपलं मन कबूलच करत नाही, तोवर दुसरं येतं, आणि मधली मोकळी जागा आपण पदरचं घालून भरून काढतो. हे मी बाईंनी दिलेल्या पुस्तकात वाचलं. आयुष्यभर लोकांना 'हलू नका' सांगून पोट भरलं, आणि आता हे.

डबा मिळेना, म्हणून मी स्वयंपाकघरातला पत्र्याचा मोठा डबा घेतला, रिकामा पाहून. फटी पाडल्या, कडा घासल्या, आतून काळा रंग दिला आणि वाळायला त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून दिला. (दुसरीकडे कुठंही ठेवला असता तरी चाललं असतं, पण म्हटलं ना, जिथली वस्तू तिथं.) संध्याकाळी आईनं चष्मा न लावता त्यात दळून आणलेलं पीठ ओतलं. पीठ सगळ्या फटींतून एकदम बाहेर आलं. आई पीठ, फरशी पीठ, मांजर पीठ. आई मला काय काय म्हणाली ते लिहीत नाही, तुला ते सगळं पाठ आहे. एवढंच सांगतो, की डबा त्या दिवसापासून माझा झाला. मी तो स्टुडिओतल्या गोल फिरणाऱ्या स्टुलावर बसवला, ज्यावर बसवून बाबा गिऱ्हाइकाची मान हनुवटीला धरून वळवायचे.

चित्र कशाचं काढायचं, हा प्रश्न होता. बाई म्हणाल्या होत्या, उडणारा पक्षी काढा, उड्या मारणारा विदूषक काढा. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच आलं. आपल्या घरात एवढे फोटो, पण बाबांचे किती? मी पेट्या उपसल्या. सगळे मिळून चार निघाले, चारही बसलेले, चारहींत श्वास रोखलेला. बाकी सगळीकडे बाबा कॅमेऱ्यामागे. त्यांनी सगळं गाव बघितलं, त्यांना कुणी बघितलं नाही. चालताना तर कुणीच नाही. म्हटलं, आपण बाबांना चालवू.

मी आधी हातानं चित्रं काढली. वडील कमी आणि दोरीवर वाळत घातलेला सदरा जास्त, अशी निघाली. आईनं पाहून विचारलं, "कोण हा?" मी सांगितलं. तिनं चष्मा काढून ठेवला. मग पायावरून वाद झाला. बाबा एक पाय किंचित ओढायचे, आठवतं? मी म्हणालो उजवा, आई म्हणाली डावा. दोन दिवस आम्ही त्यावर भांडलो, जेवताना एकमेकांना चालून दाखवलं. शेवटी लक्षात आलं, की मी त्यांना नेहमी समोरून पाहिलं, दिवे लावताना मला पुढे उभं करायचे म्हणून. आणि आईनं नेहमी मागून पाहिलं, खिडकीतून, बाहेर जाताना. आम्ही दोघं एकाच पायावरून भांडत होतो. मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

शेवटी काकांना बोलावलं. म्हटलं, सख्खा भाऊ आहे, चाल मिळतीजुळती असेल. काकांनी अट घातली, "दादा पाय ओढायचा. मी ओढत नाही. आधीच सांगून ठेवतो." असं म्हणून पाय ओढत अंगणात आले. मी भिंतीवर पांढरी चादर लावली, त्यांच्या अंगात बाबांचा करडा कोट घातला (तो त्यांना फार आवडला, अजून परत आलेला नाही) आणि म्हटलं, चला. एक पाऊल टाकलं, कॅमेऱ्याचा आवाज आला, काका थांबले. हनुवटी वर, छाती पुढे, चेहऱ्यावर सत्काराचं हसू. दुसरं पाऊल, पुन्हा तेच. मी म्हणालो, "काका, थांबू नका ना!" ते भडकलेच. "फोटो काढतोस आणि हलायला सांगतोस? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर दुकान बंद केलं असतं." त्या दिवशीची पट्टी मी डब्यात लावून पाहिली. एकच माणूस एकामागून एक बारा पुरस्कार घेत होता. दुसऱ्या दिवशी मी लबाडी केली. कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं, काकांना घरी जा म्हटलं, आणि ते कोटासकट अंगण ओलांडून फाटकाकडे निघाले तेव्हा मागच्या अंधाऱ्या खोलीच्या खिडकीतून भराभर फोटो घेतले. पाठीत जरासे वाकलेले, स्वतःशीच पुटपुटत, एक म्हातारा माणूस घरी निघालेला. ताई, ते फोटो खरोखर चांगले आले.

प्रदर्शनाला आईला घेऊन गेलो. डबा खिडकीजवळच्या टेबलावर होता, पुढे रांग. लोक वाकून फटींतून बघत आणि 'अरे, चालतोय की!' म्हणत. काका रांगेशेजारी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "तो मी आहे." आईची पाळी आली. मी म्हणालो, डावीकडे फिरव. तिनं उजवीकडे फिरवला. आतला माणूस उलटा चालायला लागला, फाटकाकडून घराकडे, पाठीमागे पाठीमागे. मी म्हणालो, "आई, चुकलं, उलटा फिरवलास." ती डोळा न काढता म्हणाली, "राहू दे. जाताना पुष्कळ बघितलंय." मागे रांग वाढली. ग्रंथपाल बाईंनी रांगेला दुसऱ्या टेबलाकडे वळवलं. एवढ्या उत्साही बाई, पण त्या वेळी शहाण्यासारख्या वागल्या.

परत येताना आई माझा हात धरून चालली. मला वाटलं, जमलं आपल्याला. घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "कोट त्यांचा होता रे. चाल भाऊजींची. भाऊजी चालतात ते कुणी बघत नसलं तरी बघतंय असं धरून. तुझ्या बाबांना कुठंतरी पोहोचायचं असायचं." मग किल्ली शोधता शोधता म्हणाली, "ती चाल फक्त पोरीनं उचलली." आणि आत गेली.

मी बाहेरच उभा राहिलो. तू दुसऱ्या शहरात नोकरी धरलीस, बाबा म्हणाले "जायचं तर जा", आणि तू गेलीस, तेव्हा मी दारातच होतो. तू रस्त्यानं त्या टोकाला, बाबा स्टुडिओकडे या टोकाला. दोघांचा खांदा पुढे, दोघांचा पाय जरा मागे, दोघंही मागे वळून न बघणारे. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की एकाला तरी हाक मारावी. कुणाला मारावी ते ठरेना. नंतर बाबा गेले तेव्हा तू आलीस ती सगळं आटोपल्यावर, लॉजवर उतरलीस, आणि आईनं तुला फक्त "जेवलीस का" एवढंच विचारलं. ते चित्र आणि आजचं चित्र यांच्या मधली जागा कशी भरायची, ते मला अजून समजलेलं नाही.

असो. पत्र लांबलं. मेहुण्यांना नमस्कार, खोकल्याला कोमट पाणी.

तुझा,
तिपाई

ता. क. : एक राहिलंच. ग्रंथपाल बाईंनी लोकांच्या आग्रहावरून प्रदर्शन वाढवलं आहे, आणि त्यांना डब्यात नवी पट्टी हवी आहे. तू एखाद्या सुट्टीला येऊन अंगणात एकदा चालून दाखवशील का? फार वेळ लागणार नाही. वाचनालयाचं काम आहे, नाही म्हणू नये.

ता. क. २ : काकांना हे कळवू नकोस. ते कोट घालून स्टेशनवर येतील.

ता. क. ३ : प्रदर्शन वाढवल्याचं खोटं आहे. ते आटोपलं, बाईंनी आता पाककृतींच्या पुस्तकांचं काढलं आहे. पट्टी कुणालाच नकोय. आईनं तुझी खोली झाडून ठेवली आहे आणि विचारलं तर म्हणते, झुरळं झाली होती. तू ये. चालून दाखवलं नाहीस तरी चालेल.