त्या एका सकाळपुरतं

४ जून
ती. ताईस, चिमीचा सा. न. वि. वि.

शिवणखात्यात गणवेशांची घाई आहे, मान वर करायला सवड नाही. डॉक्टरांनी थायरॉइडसाठी रक्त तपासायला सांगितलंय. गळ्यातली ग्रंथी काढल्यापासून माझी गाडी त्या गोळीवरच चालते, पण रक्त द्यायच्या आधी ती घ्यायची की नाही, हे विचारायचंच राहिलं. औषधवाला म्हणतो घ्या, शेजारीण म्हणते घेऊ नका. तू रोज लोकांचं रक्त काढतेस, तर घरच्या गिऱ्हाइकालाही सांग.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी चिमी

९ जून
चि. चिमीस अ. आ.

प्रयोगशाळेत रांग दारापर्यंत आलीय, म्हणून दोनच ओळी. रक्त दिल्याशिवाय गोळी घेऊ नकोस. भावोजींना नमस्कार.
ताई

२१ जुलै
ती. ताईस सा. न.

अजून रक्त दिलेलं नाही गं. आधी तिथलं यंत्र बिघडलं, मग माझी सुट्टी रद्द झाली, मग तारीखच पुढे गेली. पण तुझा शब्द मोडला नाही. सहा आठवडे गोळीला हात लावलेला नाही.

ताई, मला काय होतंय? भर उन्हात शाल लागते. आवाज घोगरा झालाय, डोळे सुजलेत. काल मशीनवरच मान टाकून झोपले. मुकादम म्हणाला, झोपायचं तर घरी झोपा. हे रोज म्हणतात, डॉक्टरकडे चल. मी म्हणते, रक्त तपासल्याशिवाय ते तरी काय सांगणार? हे पत्र दोन दिवस लिहितेय, हात उचलत नाही. लवकर कळव गं.
चिमी

२४ जुलै
श्री. भावोजींस सा. न.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. वाचाल त्या पावली चिमीला मोठ्या दवाखान्यात न्या. गोळी सहा आठवडे बंद आहे, हे आधी सांगा. मनाने काही देऊ नका, एकदम जास्त गोळ्या तर मुळीच नाही. मी म्हटलं ते त्या एका सकाळपुरतं होतं: रक्त आधी, गोळी नंतर. एरवी रोज घ्यायचीच. परक्या माणसाला मी हे चार-चारदा समजावते, आणि पाठच्या बहिणीला एक ओळ टाकून मोकळी झाले. तिला काही झालं तर मी कुठे तोंड लपवू? पुढच्या बसने निघतेच आहे. पाया पडते, उशीर करू नका.
ताई

२ सप्टेंबर
ती. ताईस सा. न. वि. वि.

हे सांगतात, तुझं पत्र आलं तेव्हा मी हाका मारूनही उठत नव्हते. खुर्चीत घालून मला जिना उतरवला म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. पण तू खाटेशी बसून माफी मागत होतीस, ते ऐकू येत होतं. जीभ हलत नव्हती गं.

गोळी रोज घेतेय. कामावर अजून घेतलेलं नाही, बोटांना सुई पेलत नाही. तुझा राग आला, खोटं कशाला सांगू? माझाही आला. दुसऱ्या आठवड्यातच पुन्हा विचारायला हवं होतं, पण मोठ्यांना उलटून काय विचारायचं, ही आपल्या घरची खोड.

तू मात्र गेल्यापासून एक ओळ लिहिली नाहीस. अशी तोंड फिरवून बसलीस तर मी भांडू कुणाशी? ये. भांडून झालं की तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंय. या वेळी उठवलंस की मी उठेन.

तुझीच,
चिमी