फजलचं न्यू ऑर्लिन्स

दोहा, ६ सप्टेंबर १९६३
फजलच्या स्थळाला होकार दिला. तेलाच्या टँकरवर इंजिनरूममध्ये आहे. न्यू ऑर्लिन्सला सहा फेऱ्या झाल्यात. इब्राहीमभाईला वाटतं, मला फोटो आवडला. फोटो अंडरएक्स्पोज्ड आहे. मी एक्स-रे टेक्निशियन, असल्या फोटोवरून मत देत नाही. उतावीळ तर मी मुळीच नाही. लग्नानंतर न्यू ऑर्लिन्स, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, याच क्रमाने.

१५ सप्टेंबर
मनगट मोडलेल्या अमेरिकन बाईंनी जाताना गाइडबुक दिलं. न्यू ऑर्लिन्सची जुनी वस्ती पायी बघायची. लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, नदीकाठचा बाजार, पिठीसाखर भुरभुरवलेले चौकोनी वडे. मग ट्राम. हलाल कुठे मिळतं, ते फजलला माहीत असणारच.

२९ सप्टेंबर
जैतूनभाभी म्हणाली, अगं, बोटीवाल्याची बायको दाभोळला सासूजवळ राहते, तुला कुणी सांगितलं नाही का? तिच्या तीन बहिणी तशाच राहतात. जुनी पद्धत. फजलला विचारायची गरज वाटली नाही. जग फिरलेला माणूस.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
तिकडचं गम्बो केलं. कोलंबीत भेंडी. भाभी म्हणाली, फजल हे एकदा जेवला की इंजिन न लावताच बोट हाकेल. भाईने लोणचं मागून घेतलं. मला आवडलं. दोन घास खाल्ले, कारण भूक नव्हती.

१४ ऑक्टोबर
राजीनामा दिला. मेट्रन म्हणाल्या, निकाह होईपर्यंत तरी थांब. मी सांगितलं, अमेरिकेला जातेय. जरा मोठ्याने सांगितलं गेलं.

२६ ऑक्टोबर
माझ्या जागी मुनीराला घेतलं. तिला डेव्हलपरचं तापमान सांभाळता येत नाही. काल रात्री सगळ्या गाइडबुकवरून पुन्हा नजर फिरवली. रडले नाही. डार्करूमच्या रसायनांनी डोळे चुरचुरतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
फजल रजेवर आला. भाभी दाराशी बसली. मी ट्रामचं भाडं विचारलं. त्याने ट्राम पाहिलेली नाही. धक्का शहरापासून लांब, टँकर रिकामा झाला की लगेच निघतो, इंजिनवाल्यांना वर डेकवर यायलाही फुरसत नसते. सहा फेऱ्यांत टाक्या आणि कुंपण पाहिलं. खाल्लं काय, तर बोटीवरच्या भंडाऱ्याने शिजवलेली मसूर-खिचडी. म्हणाला, कंपनी बायकांना बोटीवर घेत नाही, अम्मीने दाभोळला खाडीकडची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय. भाभीने चहा पुढे केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने हळूच विचारलं, कसं आहे हो ते शहर?

सांगितलं. गॅलऱ्या, बाजार, वडे, कोणत्या रस्त्याने वळायचं तेही. चहा गार झाला. त्याने विचारलं, धक्क्यावरून हे कोणत्या अंगाला येतं? पुढच्या फेरीला वर येऊन बघेन म्हणाला.

नदीच्या वरच्या अंगाला, मी म्हटलं. रात्री बघा. उजेड दिसेल.