बेण्याचे तांबडे बटाटे

मौजे वेल्हे, ज्येष्ठ वद्य षष्ठी, शके १८६५

जावई हैबतराव यांस,

मी आपल्यावर कुदळ चालवली, असे आपण चावडीवर सांगितलेत. ते चूक आहे. मी नुसत्या दांड्याने मारले. लोखंड आधी काढून ठेवले होते. पारू माळ्यावरून पडली, हेही खोटे. माझ्या परसातले तांबडे बटाटे मी लावणीला बेणे म्हणून दिले होते. ते तिने सालीसकट शिजवले, म्हणून आपण तिचा हात मोडलात.

"आबा, पोरं उपाशी हुती. बेणं काय नुस्तं बघत बसू?" ती म्हणाली. "पर त्यास्नी आता डिवचू नका." तिने आण घातल्यामुळे हे पत्र धाडत नाही.

तिथी मात्र शुद्ध करतो.

हात मोडला : ज्येष्ठ शुद्ध दशमी, आपण सांगितलेली त्रयोदशी नव्हे.
आपणांस मारले : ज्येष्ठ वद्य प्रतिपदा.
पारूला नांदायला पाठवणे : तिथी नाही.

पारूचा बाप,
आनंदराव