उलटा फिरवणारा उपसर्ग

मी, निवृत्त इंग्रजी शिक्षक, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्यामागे काय कोणाचे हे लिहून ठेवतो. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या एकुलत्या एका मुलीस. विकावे, ठेवावे, तिची मर्जी. मात्र पुढचे कलम तिने सावकाश वाचावे, ही विनंती. अट नव्हे.

२. शिलाई मशीन माझ्या पत्नीचे. मी पुढच्या खोलीत वर्ग घ्यायचो तेव्हा ती आत कपडे शिवत इंग्रजी ऐकायची, आणि कोणी चुकले की आतून दुरुस्त करायची. एरवी तिच्या दर वाक्याला एक म्हण असे. अर्धांगवायूने तिची वाचा गेली. महिन्याभराने शब्द परतले ते इंग्रजी, तेही सुटे. मराठी आलीच नाही.

त्या सुट्या शब्दांपुढे ती 'अन' हा इंग्रजी उपसर्ग जोडू लागली. दिवा मालवायचा तर 'अन-लाइट'. थंडी वाजली की 'अन-कोल्ड'. सांभाळायला येणाऱ्या मावशी विचारायच्या, "सर, बाई अन-कोल्ड म्हणतात, पांघरूण घालू ना?" मशीन या मावशींना द्यावे.

मुलगी परगावाहून आली. आईचा हात धरून म्हणाली, "आई, मला हाक मार ना. एकदाच, माझ्या नावाने." आईने ओठ हलवले, घाम फुटला, नाव आले नाही. मुलगी दोन दिवस राहिली आणि डोळे पुसत गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर आई दाराकडे बघत म्हणाली, "अन-गो." मग रोज तेच.

मला आधी वाटले, 'जाऊ नको' म्हणते. पण 'अन' गुणापुढे लागला तर नकार देतो. हॅपीचे अनहॅपी होते. क्रियेपुढे लागला तर झालेली क्रिया उलटवतो. टाय म्हणजे बांध, अनटाय म्हणजे बांधलेले सोड. पोरगी तर गेली होती. म्हणजे आई म्हणत होती, गेलेली परत ये.

मी फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, त्या आवाजांना अर्थ नसतो. तुम्ही उगाच जीव जाळू नका. आणि मला आता तिला तसं बघवत नाही हो."

मी म्हटले, "तू नुसती ये, बाळा. बघू नकोस हवं तर. शेजारी बस."

"पुढच्या महिन्यात येते," म्हणाली. तेवढे दिवस तिच्या आईपाशी नव्हते.

३. मनगटी घड्याळ थोरल्या बंधूंस. "आजारपणात मडमीण झाली की तुझी बायको," असे ते तिच्या उशाशी बसून हसले होते. घड्याळावर त्यांचा पूर्वीपासून डोळा आहे. ते बंद आहे.

४. बँकेतील शिल्लक मुलीस. डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी पुस्तकातले सांगितले. मीही जन्मभर तेच केले.

५. आई गेल्यावर मुलगी आली. पलंगाच्या कडेला बसून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "बाबा, तो शब्द पुन्हा सांगा." मी सांगितला, अर्थासकट. ती रिकाम्या उशीकडे वळून तोच शब्द म्हणू लागली, हळूहळू, आईसारखाच तोडून. मी शिक्षक. मला ठाऊक आहे की हा उपसर्ग प्रत्येक क्रियेला लागत नाही. गाठ सोडता येते, फुटलेला पेला सांधता येत नाही. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. तिच्या शेजारी बसलो आणि तिच्याबरोबर म्हणू लागलो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो माझाच आहे.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार १: सांभाळणाऱ्या मावशी (अंगठा)
साक्षीदार २: शेजारचे इलेक्ट्रिशियन (सही)

(साक्षीदार १ यांना मशीन मिळत असल्याने त्यांची साक्ष चालणार नाही, असे इलेक्ट्रिशियन सांगतात. म्हणून त्यांच्या पत्नीची सही खाली घेतली आहे. मावशींचा अंगठा मी खोडणार नाही.)

साक्षीदार ३: इलेक्ट्रिशियनची पत्नी (सही)
ठिकाण: राहते घर, आतली खोली
दिनांक: ४ सप्टेंबर