अन्वरच्या सायकलीचं कॅरिअर

५ ऑक्टो., रवि.
सकाळपासून अन्वरच्या अब्बांच्या गादीच्या दुकानात. पुढे कापूस, मागे खुंटीला अन्वरची सायकल. अकोल्याच्या भंगारात आम्हा दोघा दोस्तांना सापडलेली रेसची जुनी फ्रेम. कोण्या कारागिरानं पितळेची झाळ देऊन हातानं जोडलेली. नळ्या इतक्या पातळ की टिचकी मारली तर ताटली वाजल्यासारखी वाजते. अन्वर येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ऐकवायचा.
गेल्या नोव्हेंबरात तापानं गेला. आठवडाही पुरा नाही. अब्बा म्हणाले, "आता तूच कर पुरी." म्हणून दर रविवारी मेडशीच्या शाळेतला हा मास्तर इथे मालेगावात हात काळे करतो.
आज चिमट्याचे छर्रे बदलले. हँडल लोण्यासारखं फिरतं. अन्वर असता तर म्हणाला असता, "जास्तच कसलं तू." नेहमी तेच.

१२ ऑक्टो.
मागचं चाक डुलतं, त्याचा आऊट काढण्यात दिवस गेला. एक तार आवळावी तर दुसरी रुसते.
अब्बा कापूस पिंजता पिंजता:
"स्टँड नाही हिले?"
"रेसच्या सायकलीला नसतो, अब्बा."
"कॅरिअर?"
"नाही."
"घंटी?"
"तीही नाही."
"मंग हे सायकल हाय कायले?"
हसलो. अन्वर गेल्यापासून त्या दुकानात पहिल्यांदाच.

१९ ऑक्टो.
दिवाळी तोंडावर. रेखा सकाळीच, "पंख्याले जाळे लोंबून राह्यले अन् तुमी दुसऱ्याच्या सायकलीले पॉलिश करा." दुसऱ्याच्या! लागलं. बायकोच ती, तिलाही कळलं. अब्बांसाठी चिवड्याचा डबा भरून दिला.
ब्रेक झाले, चेन झाली. हँडलची पट्टी तेवढी राहिली. पुढच्या महिन्यात अन्वरची बरसी, वर्ष होईल. त्या दिवशी मेडशीची चक्कर, बसस्टँडवर चहा, परत. पहिली चक्कर तिकडचीच, असं अन्वरनं मला कबूल केलं होतं. आता मीच एकट्यानं जायचं.

२६ ऑक्टो.
सासरी, मानोऱ्याला. दुकानात जाता आलं नाही. ताटात जिलबी, लक्ष सगळं तिकडे.

२ नोव्हें.
लिहवत नाही.
दुकानात शिरलो तर सायकल मधोमध उभी. स्वतःच्या पायावर. खाली स्टँड, मागे दूधवाल्याच्या सायकलीला असतं तसलं लोखंडी कॅरिअर. बिजलीच्या वेल्डिंगनं चिकटवलेलं.
सीटखालच्या नळ्या जळून भोकं पडली, त्यावर लोखंडाचे गोळे. बाजूला चीर. नख जातं.
अब्बा एवढे खूश! "मजबूत करून घेतली. तो वेल्डिंगवाला म्हणे नळी लय नाजूक हाय. मी म्हटलं, डबल टाका मार."
टिचकी मारली. बद्द.
"चांगलं झालं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गावाबाहेर तुरीच्या शेतापाशी गाडी थांबवली आणि रडलो. अन्वरला मूठमाती देतानाही इतका रडलो नव्हतो.

५ नोव्हें.
राग. अब्बांवर, वेल्डिंगवाल्यावर, मानोऱ्याच्या जिलबीवर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शाळेत पोरांवर विनाकारण ओरडलो. मु.अ. म्हणाले, बरं नसेल तर सुटी घ्या.
पुण्याच्या जुन्या सायकलवाल्याला फोटो पाठवले. ते म्हणाले, चीर वाढत जाणार. तशी नळी मिळायची नाही. शोभेला ठेवा, तिच्यावर बसू मात्र नका.
रेखा : "सांगून टाका न त्याइले."
"काय सांगू? तुमच्या लेकाची शेवटची वस्तू तुमीच—"


९ नोव्हें.
सांगायचंच म्हणून गेलो. अब्बा मांडीवर लाल कापड घेऊन टाके घालत होते. छोटी गादी. नवा कापूस, काठाला दुहेरी शिवण. कॅरिअरवर ठेवून चारी बंद बांधले, हातानं थोपटली.
"हे कोणासाठी अब्बा?"
"माह्यासाठीच. मी त्याले म्हटलं होतं, बाप्पा, हे तं एकट्याची सायकल हाय, मी कुठं बसू? तं म्हणे, पुरी होऊ द्या अब्बा, तुमच्यासाठी कॅरिअर लावतो, मेडशीले चाय प्याले नेतो. त्याच्यानं झालं नाही. मंग मीच लावून घेतलं."
मेडशी. मला वाटत होतं ते फक्त मलाच कबूल केलं होतं.
अरे लबाडा, कॅरिअर तू जन्मात लावलं नसतंस. मला माहीत आहे. बापाला हसवायला बोललास आणि निघून गेलास.
"बरसीले नेशीन न मले?" अब्बा.
हो म्हणालो.

१४ नोव्हें.
चिरेवर कापडी पट्टी गुंडाळून पाहिली. कोणाला फसवतोय कोणास ठाऊक.
अब्बांना म्हटलं, मोटरसायकलनं जाऊ, तुमचे गुडघे दुखतात. म्हणाले, "फटफटीवर तं कोणीबी नेते."

१६ नोव्हें.
बरसी.
सकाळी गेलो तर अब्बा पांढरे कपडे घालून, टोपी, अत्तर, कॅरिअरवरच्या लाल गादीवर बसलेलेच. सायकल स्टँडवर, पाय लोंबकळत, पुढची सीट दोन्ही हातांनी धरलेली. "चाल."
स्टँड काढला. वजन आलं. खालून कट असा बारीक आवाज.
मी बसलो नाही. सायकल धरून चालू लागलो.
"काहून बसत नाही तू?"
"हवा कमी आहे. पंपापर्यंत पायी जाऊ."
पंक्चरवाल्याचं दुकान आलं, गेलं. मी थांबलो नाही. गावाच्या शेवटच्या घरापाशी म्हणाले, "उतरव मले."
उतरवलं. त्यांनी वाकून नळीला टिचकी मारली. "त्याच्या हातची वाजत होती. मी परवाच मारून पाह्यली, तईच समजलं. मीच मोडली न?"
"नाही अब्बा."
"मास्तर हायेस, खोटं नको बोलू." मग रस्त्याकडे बघत, "मेडशी लय दूर हाय?"
"लय दूर."
"तरी चाल."
मी हँडल धरलं, त्यांनी मागून कॅरिअर. कॅरिअरचा आधार घेत, गुडघे सांभाळत, एकेक पाऊल. बाजूनं एस.टी. गेली, ट्रॅक्टर गेले, ओळखीच्यांनी थांबून विचारलं, सोडून देऊ का? अब्बा सगळ्यांना हातानंच नको म्हणत होते. गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. कठड्याशी बसलो. लाल गादी सोडून त्यांनी माझ्या खाली सरकवली, स्वतः दगडावर बसले.

परत येताना म्हणाले, "उद्या पुलाच्या पुढं जाऊ."
उद्या शाळा आहे. हो म्हणून आलोय.