तू येण्याऐवजी जो आला त्याच्याविषयी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार, रागासकट. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मुलांना आशीर्वाद. इथे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, बाकी पुढचं वाचून तूच ठरव.

मी तुला काय कळवलं होतं? बाबा हल्ली सकाळी घराबाहेर पडतात आणि परतीची वाट विसरतात, आम्ही दोघं दुकान सोडून किती धावणार, तेव्हा तू चार दिवस येऊन जा. एवढंच. त्यावर तू ब्लडहाऊंड जातीचा कुत्रा पाठवलास. (सोबत चिठ्ठी: माग काढण्यात पटाईत आहे, आता काळजी नको. म्हणजे काळजी तुला नको, असं मी समजले.) याच्या वाडवडिलांनी म्हणे हरणं आणि रानडुकरं हुडकली. आमच्या गल्लीत यातलं काहीही नाही. प्राणी वासराएवढा. कान जमीन झाडत चालतात, कपाळाची कातडी डोळ्यांवर उतरलेली, आणि चेहरा नुकताच सुतकात बसल्यासारखा. शिवाय लाळ. चष्म्याच्या दुकानात लाळेइतकी गैरसोयीची वस्तू दुसरी नाही. मी भिंग घासून, पुसून, फ्रेममध्ये बसवून ठेवते आणि हे महाराज एकदा मान झटकतात, की कपाटाच्या काचेपासून आरशापर्यंत सगळं पुन्हा पुसायला घ्या. परवा एक गृहस्थ यंत्रावर हनुवटी टेकून डोळे तपासून घेत होते. त्यांच्या मांडीवर खालून आणखी एक हनुवटी येऊन टेकली. त्यांनी तक्त्यावरची सगळी अक्षरं एका दमात वाचली, नसलेलीसुद्धा. त्यांचा नंबर अजून मला कळलेला नाही.

तुझे मेहुणे मात्र हौशी. त्यांनी आधी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. बाबांना समोरच्या शिंप्याकडे नेऊन बसवलं आणि कुत्र्याला बाबांचा मफलर हुंगायला दिला. त्याने नाक खाली घातलं आणि निघाला. (नाक खाली गेलं की याचे कान बंद होतात. "थांब" हा शब्द तर त्याला कुणी शिकवलेलाच नाही.) बाबा आदल्या दिवशी जिथे जिथे हिंडले होते तिथून तिथून त्याने मेहुण्यांना नेलं, म्हणजे बेकरीच्या मागच्या दाराने आत, पुढच्या दाराने बाहेर, आणि मधल्या पिठातून. शेवटी शिंप्याकडे पोचला, बाबांच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकले आणि त्यांचं तोंड चाटून काढलं. बाबा कितीतरी महिन्यांत इतके हसले नव्हते. आम्हीही हसलो. तिथेच चुकलं.

कारण दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याला बरोबर घेऊनच हरवायला लागले. आता मला सांग, ज्याने शोधायचं तोच हरवलेल्याच्या शेजारून चालत असेल तर मफलर मी कुणाला हुंगवू? कुत्र्याच्या बाजूने सगळं ठाकठीक असतं. त्याला शोधायचा माणूस त्याला सापडलेलाच असतो.

आणि दोघं जातात कुठे, तर बाबांच्या जुन्या कामावर. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले, ते पाय विसरलेले नाहीत. कुणाच्याही घरात शिरतात, मीटर शोधतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि विनाकारण दिवे जाळू नका म्हणून बजावतात. पूर्वी लोक त्यांना पाणी देऊन घरी आणून सोडायचे. आता बरोबर हे धूड पाहून गावभर बोभाटा झालाय की वीज खात्याने चोरीची वीज हुंगणारा कुत्रा आणला. इस्त्रीवाल्याने मीटरला बगल देऊन ओढलेली वायर स्वतःच्या हाताने काढली आणि बाबांपुढे हात जोडले. बेकरीवाली माझ्याकडे येऊन रडली, की भट्टीवरचा एकच दिवा होता, तोही काढते, पण कुत्र्याला आवरा. बाबांना यातलं काही कळत नाही. ते आकडा वाचतात आणि कुत्र्याला "लिहून घे" म्हणतात.

शेवटी वीज कचेरीतले साहेब दुकानात आले. मी घाबरून चहा टाकला. तक्रारींचा पाढा वाचतील असं वाटलं, पण साहेबांनी कप खाली ठेवला, बाबा जाऊन आले त्या गल्ल्यांतली वीजचोरी थांबल्याचं सांगितलं आणि मग हळूच म्हणाले, "वडील उद्या कुठल्या गल्लीत जाणार आहेत?"

मी म्हटलं, "ते मला कळत असतं तर घरात हा कुत्रा कशाला असता?"

गेल्या आठवड्यात मात्र दिवस कलला तरी दोघांचा पत्ता नव्हता. मेहुणे एका दिशेला, मी दुसऱ्या. प्रत्येक जिन्याखाली वाकून पाहिलं. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. मग लांबून एक आवाज आला, बोगद्यात भोंगा वाजावा तसा. त्या आवाजामागून मी धावत गेले. वीज कचेरीच्या जुन्या बंद कोठीमागे बाबा पाय मुरगळून बसले होते, आणि हा त्यांच्या अंगाशी अंग लावून, तोंड वर करून ओरडत होता. ओरडून घसा बसला होता त्याचा. मी दोघांनाही नको नको ते बोलले. दोघांनी सारख्याच चेहऱ्याने ऐकून घेतलं.

तर सांगायचं एवढंच, की हे माझ्याच्याने होणार नाही. पत्र मिळताच माणूस पाठव आणि तुझा कुत्रा घेऊन जा.

वहिनींना नमस्कार. कळावे, आणि या खेपेला खरोखरच कळावे.

तुझी,
धाकटी

ता. क. माणूस निघाला असेल तर त्याला अर्ध्या वाटेतून परत बोलाव. बाबांचा पाय सुजलाय, आणि हा त्यांच्या खाटेजवळून हलत नाही. त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला सुचत नाही.

आणखी एक ता. क. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बाबा कुत्र्याला तुझ्या नावाने हाक मारतात. काल मी विचारलं, बाबा, हा जर तो, तर आपला थोरला कुठाय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही आठवत नाही. म्हणाले, "कामावर गेलाय. संध्याकाळी येईल."

तेव्हा सकाळची गाडी मिळत असली तरी ती घेऊ नकोस. संध्याकाळी पोचणारी घे.